परत आलेला मेल कुणाचा? : प्रस्तावना

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कचेऱ्यांमध्ये मेलविषयी दोन तक्रारी नेहमीच्या. पहिली : ‘मेल पाठवला होता, तो परत आला.’ दुसरी : ‘मी पाठवलाच नव्हता, तरी परत आला.’ पहिलीत फारसं काही नसतं. पत्ता चुकलेला असतो किंवा समोरची मेलपेटी भरलेली असते. दुसरी मात्र सगळ्यांची झोप उडवते. रात्रीतून शेकडो ‘डिलिव्हरी फेल्युअर’ येऊन पडलेले, त्यातला एकही मेल आपल्या कुणी लिहिलेला नाही, आणि पाठवणारा म्हणून नाव मात्र आपल्याच कंपनीचं. मालकाला वाटतं, सर्व्हर हॅक झाला. अकाउंटंट पासवर्ड बदलतो. मग जो माणूस टॅली, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि वाय-फाय सांभाळतो त्यालाच फोन जातो, कारण मेलही त्याच्याच गळ्यात असतो. ही पुस्तिका त्या माणसासाठी लिहिली आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांचा, आपल्याला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. पण जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला त्याच्या कितीतरी आधीपासून इथला व्यापार दूरदूरच्या गावांशी जोडलेला आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. पुढे बियाण्यांच्या आणखी कितीतरी कंपन्या इथे उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल. खरिपाच्या तोंडावर वितरकांना जाणारी दरपत्रकं, बियाण्याच्या लॉटचे तपासणी अहवाल, सळईचं कोटेशन, तिचं टेस्ट सर्टिफिकेट, ई-वे बिलाची प्रत हे सगळं आता मेलनं जातं. सीए, वकील, पतसंस्था आणि महाविद्यालयं यांचंही तसंच. यांतल्या अनेकांचं स्वतःचं डोमेन असतं, आणि त्यावरचा मेल स्वस्तातल्या होस्टिंगवर किंवा कचेरीतल्या एका कोपऱ्यातल्या सर्व्हरवर चालतो. बनावट नावाच्या मेलचा त्रास या छोट्या सर्व्हरना सर्वांत जास्त होतो, आणि तोच त्रास नकळत इतरांना देण्यातही ते पुढे असतात. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. ते उलगडून सांगणं हे या पुस्तिकेचं काम.

एक सर्व्हर दुसऱ्याला मेल देतो तेव्हा दोघांत छोटंसं संभाषण होतं. त्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. २००८ मध्ये आरएफसी ५३२१ आला, काही कलमं बदलली, पण गाभा तोच राहिला. पाठवणारा सर्व्हर आधी आपलं नाव सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून परतीचा पत्ता देतो, ‘आरसीपीटी टू’ म्हणून मेल ज्याला द्यायचा त्याचा पत्ता देतो, आणि शेवटी ‘डेटा’ म्हणून मजकूर ओततो. दर वेळी समोरून तीन अंकी उत्तर येतं. २ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे होकार. ४ ने सुरू होणारं म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या. ५ ने सुरू होणारं म्हणजे साफ नकार, पुन्हा येऊ नका. २५०, ४५०, ५५० हे आकडे जालन्यातल्या कुठल्याही मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज हजारांनी दिसतील.

यात एक खुबी आहे आणि सगळा गोंधळ तिच्यातच आहे. टपालाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि आतल्या कागदावर लेटरहेड असतं. पोस्टमन आतलं वाचत नाही. पत्र पोचलं नाही तर ते पाकिटावरच्या पत्त्यावर परत जातं. मेलचंही तसंच आहे. संभाषणात ‘मेल फ्रॉम’ म्हणून दिलेला पत्ता हा पाकिटावरचा, आणि वाचणाऱ्याला पडद्यावर ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो तो लेटरहेडवरचा. हे दोन पत्ते एक असलेच पाहिजेत असं एसएमटीपी म्हणत नाही. त्यातला एकही खरा आहे का, हेही ती विचारत नाही. मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यानं एवढा एक भेद पक्का केला, तर या पुस्तिकेतला अर्धा भाग त्याला आपोआप कळेल.

हे नियम लिहिणारे बेफिकीर नव्हते. १९८२ मध्ये तेव्हाच्या इंटरनेटच्या जाळ्यावर जेमतेम काहीशे यंत्रं होती आणि ती चालवणारे बहुतेक लोक एकमेकांना ओळखत. आपल्याकडेही सुरुवात अशीच घरगुती वातावरणात झाली. १९८६ मध्ये शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट प्रकल्प सुरू झाला. मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही त्यातली एक प्रमुख संस्था, आणि तिथले श्रीनिवासन रमणी हे या कामाचे अग्रणी. २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. टेलिफोनच्या तारेवरून मेल पलीकडे पोचतो की नाही, हीच त्या काळची चिंता होती. पाठवणारा खोटं नाव सांगेल का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हा जगभरातले कितीतरी सर्व्हर कुणाचाही मेल कुणालाही पुढे पाठवून देत असत. सौजन्य म्हणून ठेवलेली ही सोय जाहिरातवाल्यांनी आणि भामट्यांनी काही वर्षांतच ताब्यात घेतली. तिला आळा बसला, पण परतीच्या पत्त्यावर डोळे झाकून ठेवलेला विश्वास मात्र नियमांत तसाच राहिला.

आता परतीच्या मेलकडे येऊ. एसएमटीपीमधलं सर्वांत महत्त्वाचं उत्तर मजकूर संपल्यानंतर येणारं २५० हे आहे. ते उच्चारलं की मेलची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरवर येते. त्यानं तो पोचवायचा, नाहीतर का पोचला नाही ते पाठवणाऱ्याला कळवायचं. गुपचूप टाकून द्यायचा नाही. या कळवण्यालाच आपण ‘मेल बाऊन्स झाला’ म्हणतो. त्याचा नमुना आरएफसी ३४६४ मध्ये ठरवून दिलेला आहे. त्यात यंत्रालाही वाचता येईल असा भाग असतो आणि कारण सांगणारा तीन टप्प्यांचा अंक असतो : ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, ४.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, ५.७.१ म्हणजे धोरण म्हणून नाकारलं. ४ ने सुरू होणाऱ्या कारणांसाठी सर्व्हर लगेच हात टेकत नाही. दोन प्रयत्नांत किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत, अशी आरएफसी ५३२१ ची सूचना आहे. पोस्टफिक्स हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुळातच पाच दिवसांवर लावलेलं येतं. काही मोठे पुरवठादार त्याआधीही थांबतात, पण एक दिवस तरी बहुतेक सगळेच वाट पाहतात.

परतीचा मेलही पोचला नाही तर काय? त्याचाही परतीचा मेल, आणि मग त्याचाही, असं दोन सर्व्हर एकमेकांना अनंतकाळ पाठवत बसले असते. म्हणून नियम असा की परतीच्या मेलचा स्वतःचा पाकिटावरचा पत्ता कोरा ठेवायचा. लॉगमध्ये ‘फ्रॉम’ च्या पुढे नुसता रिकामा कंस दिसतो तो हाच. काही जण स्पॅम थांबवायला कोऱ्या पत्त्याचे सगळेच मेल अडवून टाकतात. तसं केलं की आपल्याच माणसांना त्यांचे खरे परतीचे मेल मिळत नाहीत. दरपत्रक पोचलं नाही हे हंगाम उलटल्यावर कळतं. हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नये.

इथवर सगळं नीट चाललं होतं. बिघडलं ते खोट्या नावामुळे. समजा, एखाद्या भामट्यानं लाखभर पत्त्यांवर मेल सोडले आणि पाकिटावर पाठवणारा म्हणून जालन्यातल्या एका मिलच्या सेल्स विभागाचा पत्ता घातला. त्या लाखातले हजारो पत्ते मेलेले असणारच. ज्या सर्व्हरनी आधी २५० म्हणून मेल घेतले आणि नंतर असा माणूसच आपल्याकडे नाही हे पाहिलं, ते सगळे नियमाला जागून कळवायला निघतात, आणि त्यांचे निरोप येऊन आदळतात मिलच्या पेटीत. याला बॅकस्कॅटर म्हणतात. कधी हे मुद्दाम सूड म्हणूनही केलं जातं. अमेरिकेत जो डॉल यांनी आपल्या वेब सेवेतून एका जाहिरातवाल्याला काढून टाकलं, तेव्हा त्यानं १९९७ मध्ये त्यांच्याच नावानं मेलचा पाऊस पाडला. त्यावरून या प्रकाराला ‘जो जॉब’ हे नाव पडलं. इथे लक्षात घ्यायचं ते असं की मिलच्या सर्व्हरमध्ये कुणी शिरलेलं नसतं. कुणाचा पासवर्डही फुटलेला नसतो. पाकिटावर तुमचं नाव लिहायला तुमच्या घरात शिरावं लागत नाही.

मात्र पासवर्ड खरोखरच फुटला असेल तरी पेटीत दिसणारं दृश्य हुबेहूब हेच असतं. म्हणून पहिलं काम निदान. परत आलेल्या मेलच्या पोटात मूळ मेलचे हेडर असतात. त्यातल्या ‘रिसीव्ह्ड’ ओळी खालून वर वाचाव्यात आणि मेल प्रथम कुठल्या आयपी पत्त्यावरून निघाला ते बघावं. खालच्या ओळी भामटा स्वतःही रचू शकतो. त्यामुळे परतीचा निरोप लिहिणाऱ्या सर्व्हरनं स्वतः नोंदवलेल्या ओळीवर भिस्त ठेवावी. मग हेडरमधला मूळ मेलचा मेसेज-आयडी आपल्या लॉगमध्ये शोधावा. सापडला, तर चोर घरात आहे : कुणाच्या लॉगिननं मेल गेला ते पाहून ते खातं तत्काळ बंद करावं, रांगेत अडकलेले मेल काढावेत, आणि मगच पासवर्ड. सापडला नाही, तर मेल आपल्याकडून गेलेलाच नाही. अशा वेळी सगळ्या कचेरीचे पासवर्ड बदलून काही साधत नाही; फक्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवरचा मेल बंद पडतो.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा. दुसऱ्यांचे सर्व्हर जे आपल्याशी करतात ते आपला सर्व्हर दुसऱ्यांशी करत नाही ना? नियम दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. घेतलेला मेल गुपचूप बुडवू नये. आणि ज्या नावाची खात्री नाही त्या नावावर निरोप धाडू नये. मेल एकदा स्वीकारला की हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत. कळवावं तर तिऱ्हाइताला त्रास, न कळवावं तर खऱ्या माणसाचा मेल बेपत्ता. दोन्ही नियम एकत्र पाळता येतात ती वेळ एकच : जोडणी अजून चालू आहे, समोरचा सर्व्हर उत्तराची वाट पाहतो आहे, आणि २५० अजून तोंडातून गेलेलं नाही. तेव्हाच ५५० म्हणावं. समोर खरा सर्व्हर असेल तर तो आपल्या माणसाला परतीचा मेल स्वतः देईल, कारण तो त्याला ओळखतो. समोर भामट्याचं यंत्र असेल तर ते पुढच्या पत्त्याकडे वळेल आणि जगात कुणालाही फुकटचा निरोप जाणार नाही. नाही म्हणायचं तर वेळेवर म्हणा, ही या पुस्तिकेची एका ओळीतली शिकवण.

शिकवण सोपी, पण अनेक ठिकाणी ती पाळली जात नाही. त्यामागे आळस क्वचितच असतो. बहुधा कुठलीतरी चांगली काळजीच असते. मराठवाड्यात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना सर्व्हर बंद पडण्याची धास्ती कायमची बसली. वीज गेली तर मेल हरवतील म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाकडे राखीव सर्व्हर घेतला आणि डोमेनच्या नोंदीत दुसरा एमएक्स म्हणून लावला. त्या राखीव सर्व्हरकडे कचेरीतल्या माणसांची यादी नसते. तो त्या डोमेनच्या नावानं येईल ते सगळं घेतो, वीज आली की मुख्य सर्व्हरकडे ढकलतो, तिथून ५५० ऐकतो आणि मग खोट्या परतीच्या पत्त्यांवर निरोप पाठवत सुटतो. भामट्यांना हे ठाऊक असल्यानं मुख्य सर्व्हर चालू असतानाही ते मुद्दाम राखीवच गाठतात. आणि ही सगळी यातायात कशासाठी? सहा तास वीज गेली तरी पाठवणारा सर्व्हर निदान एक दिवस पुन्हा पुन्हा येणारच असतो. मेल उशिरा येतो, हरवत नाही. राखीव सर्व्हर ठेवायचाच असेल तर त्याला माणसांची यादी द्यावी. ती देणं जमत नसेल तर तो काढून टाकावा.

दुसरी काळजी स्पॅमची. स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर मेल स्वीकारल्यानंतर चालवलं आणि त्याला ‘नाकारलं’ असं कळवायला सांगितलं, की पुन्हा तेच. गाळणी जोडणी चालू असतानाच चालवावी. ते शक्य नसेल तर संशयित मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा, पण उत्तर देऊ नये. तिसरी सोय फॉरवर्डची. महाविद्यालयाच्या पत्त्यावर आलेला मेल प्राचार्यांच्या खासगी जीमेलवर आपोआप ढकलणं सर्रास चालतं. त्यासोबत स्पॅमही ढकलला जातो, जीमेल तो नाकारतं, आणि महाविद्यालयाचा सर्व्हर नाकारलेला मेल कुणा तिऱ्हाइताला परत करतो. चौथी सोय ‘मी रजेवर आहे’ असं कळवणाऱ्या आपोआप उत्तरांची. अशी उत्तरं कुणाला द्यावीत आणि कुणाला देऊ नयेत याचे नियम २००४ च्या आरएफसी ३८३४ मध्ये आहेत; ते न पाळणारं सॉफ्टवेअर दिवाळीच्या सुट्टीत शेकडो अनोळखी लोकांना शुभेच्छा देत बसतं. या प्रत्येकावर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे.

मग नावाची खात्री करायची तरी कशी? गेल्या वीस वर्षांत त्यासाठी तीन साधनं तयार झाली. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकानं डीएनएसमध्ये केलेली नोंद : आमच्या नावाचं पाकीट फक्त या सर्व्हरकडूनच निघतं. तिची नियमावली २००६ मध्ये आली आणि २०१४ च्या आरएफसी ७२०८ मध्ये सुधारली गेली. डीकेआयएम म्हणजे मेलवर डोमेनच्या गुप्त किल्लीनं केलेली सही. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. या दोहोंत एक उणीव होती. पाकिटावर भामट्याचं स्वतःचं डोमेन आणि लेटरहेडवर तुमचं, असं केलं तरी एसपीएफ पास होत असे. २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ म्हणून आलेल्या डीमार्कनं ती भरून काढली. लेटरहेडवरचं डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएमनं सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळलंच पाहिजे, आणि नाही जुळलं तर काय करायचं हे मालकानं सांगायचं : नुसतं कळवा, बाजूला ठेवा किंवा नाकारा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी या गोष्टींचा आग्रह धरला. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही साधनं सक्तीची झाली. खरिपाआधी एका दमात सगळ्या वितरकांना दरपत्रक पाठवणाऱ्या बियाणे कंपनीला तो आकडा दूरचा नाही.

या साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. डीमार्क फक्त तुमच्याच डोमेनचं रक्षण करतं. भामट्यानं एक अक्षर बदलून नवं डोमेन घेतलं, तर त्याचे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळे हिरवे दिसतील. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट नव्या खात्यावर करा’ हा मेल भंगाराच्या किंवा यंत्रांच्या व्यवहारात येतो तेव्हा तो बहुधा असाच असतो. त्यावर सर्व्हरचा इलाज नाही. आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारणं हाच इलाज. आणि पैसे गेलेच, तर तासाभराचाही वेळ न घालवता १९३० वर तक्रार. सरकारी यंत्रणांनी याच दुखण्यावर वेगळ्या वाटा काढल्या आहेत. आयकर विभागानं १ ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्येक पत्राला संगणकानं तयार केलेला दस्तऐवज क्रमांक, म्हणजे डिन, घालणं सुरू केलं. तो संकेतस्थळावर पडताळता येतो. म्हणजे नोटीस खरी की खोटी हे पाठवणाऱ्याच्या नावावर सोडलेलं नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे स्थलांतर करायला सांगितलं. तिथे नाव घ्यायला आधी बँक असावं लागतं.

परतीच्या मेलला कायद्यातही वजन आहे, आणि याची जाणीव सर्व्हर सांभाळणाऱ्यांना फार कमी असते. कंपन्यांच्या २०१४ च्या नियमांनुसार सभेची सूचना मेलनं देता येते, पण ती कुणाकुणाला पाठवली, कुणाकडे पोचली नाही आणि पुन्हा कधी पाठवली याची नोंद जपावी लागते. सेबीनं शेअर दलालांना घालून दिलेला नियम असा की ग्राहकाला मेलनं पाठवलेली कॉन्ट्रॅक्ट नोट बाऊन्स झाली, तर ती कागदावर पाठवायची. वस्तू व सेवा कराच्या कायद्याचं कलम १६९ नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेल पत्त्यावर बजावलेली नोटीस ग्राह्य धरतं. आपल्याकडे तो पत्ता बऱ्याचदा त्या वेळच्या कर सल्लागाराचा असतो. सल्लागार बदलला तरी पत्ता तोच राहतो, आणि व्यापाऱ्याला पत्ताच नसतो. कचेरीतून निघालेला मेल बाऊन्स झाला तर तो पुसून टाकायचा कचरा नाही, तो दस्त आहे. सीईआरटी-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. त्या लॉगमध्ये मेल सर्व्हरचा लॉगही धरावा.

बनावट प्रेषकाविषयीचा कायदा एका वळणावरून गेला आहे, आणि त्या वळणाचं गाव महाराष्ट्रातलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये, मेल कुठून आला याविषयी दिशाभूल करणं हा स्वतंत्र गुन्हा होता. पण त्याच कलमात ‘त्रासदायक’ आणि ‘आक्षेपार्ह’ असे सैल शब्दही होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं सगळं कलमच रद्द केलं. अभिव्यक्तीच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. त्याबरोबर खोट्या प्रेषकाची तरतूदही गेली. आता असे गुन्हे ओळख चोरणं आणि तोतयेगिरीनं फसवणूक यांच्या, म्हणजे ६६क आणि ६६ड या कलमांखाली येतात. पुराव्याच्या कायद्याचं कलम ८८अ मात्र एसएमटीपी समजून लिहिल्यासारखं होतं, आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो आशय कायम आहे. पाठवलेला आणि पोचलेला मजकूर एकच आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं, पण तो कुणी पाठवला हे गृहीत धरायचं नाही. सर्व्हरनंही हाच बाणा ठेवावा.

ही पुस्तिका मराठीत का, याचं उत्तर रोजच्या कामात आहे. परतीचा मेल येतो तो इंग्रजीत आणि तोही यंत्राच्या इंग्रजीत. कचेरीतला माणूस पहिल्या ओळीनंतर तो पुसतो, आणि नेमकं कारण सांगणारी ओळ तळाशी असते. मराठी विषय लिहिलेला मेल असेल तर अडचण आणखी. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा हलन्त तीन बाइट घेतं, आणि हेडरमध्ये बसवताना त्या तिनांची चार रोमन चिन्हं होतात. परतीच्या मेलमध्ये आपलाच विषय ओळखू येत नाही. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन मिळतं, आणि पूर्ण देवनागरी मेल पत्त्याची सोय २०१२ च्या आरएफसी ६५३१ मध्ये आहे. पत्त्याच्या पहिल्या भागाला ६४ बाइटची मर्यादा असल्यानं त्यात जास्तीत जास्त एकवीस देवनागरी चिन्हं मावतात. ‘ज्ञानेश्वर’ या एका नावात दहा जातात. पण जुने सर्व्हर असा पत्ता पाहून मेल परत करतात, आणि त्या कारणाचा अंक ५.६.७ हा आहे. तो का आला आणि काय करायचं, हे मराठीतच लिहून ठेवलं पाहिजे.

मांडणीविषयी थोडं. पहिला भाग निदानाचा : लॉग वाचणं, हेडर वाचणं, परतीच्या मेलमधले अंक वाचणं. ज्याच्या कचेरीत आत्ता आग लागली आहे त्यानं तिथूनच सुरुवात करावी. दुसरा भाग नकार वेळेवर देण्याचा. उदाहरणं मुख्यतः पोस्टफिक्सची आहेत, कारण स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांत ते बरंच वापरलं जातं. एक्झिम आणि एक्सचेंज वापरणाऱ्यांसाठी समांतर सूचना दिल्या आहेत. तिसरा भाग एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचा. डीमार्क थेट ‘नाकारा’ वर लावू नये; आधी ‘नुसतं कळवा’ वर ठेवून येणारे अहवाल वाचावेत, कारण टॅलीतून जाणारी बिलं, वेतनपत्रकं आणि संकेतस्थळावरचा चौकशी अर्ज यांपैकी काहीतरी हमखास दुसऱ्याच सर्व्हरवरून जात असतं. चौथा भाग फॉरवर्ड, राखीव सर्व्हर आणि आपोआप उत्तरं यांचा. परतीच्या पत्त्यावर आपली खूण घालून बनावट परतीचे मेल ओळखणारी बीएटीव्हीसारखी तंत्रंही तिथेच आहेत. शेवटच्या भागात कायदा आणि नोंदी. स्पॅम गाळण्याच्या सॉफ्टवेअरची तुलना आणि विषाणूंचा विषय मुद्दाम सोडला आहे. त्यांवर लिहिलेलं वर्षभरात शिळं होतं.

पुस्तिका कामाला आली की नाही, याची कसोटी वाचकाला स्वतःच लावता येईल. सर्व्हरचा आठवड्याचा लॉग उघडावा आणि आपल्या सर्व्हरनं स्वतः तयार केलेले परतीचे मेल वेगळे काढावेत. पोस्टफिक्समध्ये ते ‘सेंडर नॉन-डिलिव्हरी नोटिफिकेशन’ या शब्दांनी सापडतात. मग ते कुणाकुणाला गेले हे पाहावं. लॉगिन करून मेल पाठवणाऱ्या आपल्याच माणसांना गेले असतील, तर सर्व्हर निरोगी आहे. एक जरी बाहेरच्या पत्त्यावर गेला असेल, तर तो मेल घेताना २५० कुणी आणि का म्हटलं, एवढा एकच प्रश्न घेऊन दुसऱ्या भागाचं पहिलं पान उघडावं.

— जालना